अवघड जागी आलेला महाधमनीचा फुगा : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेले प्रश्न महाधमनीच्या फुगवट्याविषयी, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर ज्याला 'एओर्टिक एन्युरिझम' असे लिहिलेले असते त्याविषयीचे आहेत. निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगाव शहरातून आलेल्या या पत्रांमध्ये एक समजूत वारंवार डोकावते, ती अशी की पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, बसवण्याची शस्त्रक्रिया ही किरकोळ शस्त्रक्रिया असते. ही समजूत दूर व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यापायी काही कुटुंबे पुरेशी चौकशी न करता होकार देतात, तर काही रुग्ण घरी परतल्यावर पुढच्या तपासण्यांकडे पाठ फिरवतात. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ असून निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांची उभी हयात गेली. लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली असता पोटातील मुख्य रक्तवाहिनीला ६.१ सेंटिमीटरचा फुगा असल्याचे कळले. त्यांना काहीही दुखत नाही. सीटी अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर 'जक्स्टारीनल' असा शब्द आहे. एका सर्जननी पोट उघडावे लागेल असे सांगितले, तर दुसऱ्यांनी खिडक्या असलेला स्टेंट ग्राफ्ट मागवून बसवता येईल असे सांगितले. आमच्या शेजाऱ्यांना साधा स्टेंट ग्राफ्ट बसवून चौथ्या दिवशी घरी सोडले होते. तोच वडिलांना का चालणार नाही? (निपाणी)

उत्तर : महाधमनी हृदयातून निघते, कण्याला लागून छातीतून खाली पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांकडे जाणाऱ्या दोन वाहिन्यांत विभागते. पोटात तिचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो आणि तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला की त्याला एन्युरिझम म्हणतात. वाटेत तिला चार मोठ्या शाखा फुटतात. पहिली यकृत, जठर आणि प्लीहा यांना रक्त देते, दुसरी आतड्यांना, आणि उरलेल्या दोन उजव्या व डाव्या किडनीला. फुगा किती मोठा आहे याइतकेच तो या चार शाखांच्या संदर्भात कोठे आहे याला महत्त्व असते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच आहे.

पोटातील बहुतेक फुगे किडनीच्या शाखांच्या खाली सुरू होतात. किडनीच्या शाखा आणि फुग्याची सुरुवात यांच्यामध्ये निरोगी नळीचा किमान १० ते १५ मिलिमीटरचा पट्टा शिल्लक असेल, तर साध्या स्टेंट ग्राफ्टची वरची कड त्या पट्ट्यात घट्ट बसते आणि रक्त फुग्यात न शिरता ग्राफ्टच्या आतून वाहते. शेजाऱ्यांच्या बाबतीत बहुधा असेच असावे. 'जक्स्टारीनल' याचा अर्थ हा पट्टा जवळजवळ नाही, फुगा थेट किडनीच्या शाखांना येऊन भिडला आहे. अशा ठिकाणी साधा ग्राफ्ट शाखांच्या खाली बसवला तर त्याला पकड मिळत नाही, तो घसरतो आणि कडेने रक्त फुग्यात शिरतच राहते. तो वर सरकवून बसवला तर किडनीच्या शाखांची तोंडे झाकली जातात आणि माणसाला डायलिसिसवर जावे लागते. म्हणून शेजाऱ्यांची शस्त्रक्रिया आणि वडिलांची शस्त्रक्रिया, दोन्ही जांघेतून होणाऱ्या असल्या तरी, एका मापाने मोजू नयेत.

दुखत नाही हे खरे, पण या आजारात न दुखणे हाच नियम आहे. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरच्या पुढे फुगा गेला की दुरुस्तीचा विचार करावा असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि फुगा फुटला तर सुमारे १० पैकी ८ रुग्ण दगावतात, त्यांतले अनेक दवाखान्यापर्यंतही पोहोचत नाहीत. त्यामुळे दुरुस्ती हवी की नको हा वडिलांपुढचा प्रश्न नाही. ती कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या हातून व्हावी एवढाच आहे.

उघडी शस्त्रक्रिया जुनी झाली असे समजू नका. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगा काढून त्या जागी मृत दात्याची धमनी जोडली, आणि पुढे कापडी नळ्या आल्यावर ही पद्धत जगभर रुळली. त्यात महाधमनीला काही वेळ चिमटा लावून रक्त थांबवतात आणि पॉलिएस्टरची नळी टाक्यांनी शिवून बसवतात. वडिलांच्या बाबतीत हा चिमटा किडनीच्या शाखांच्या वर लावावा लागेल, म्हणजे तेवढा वेळ किडन्यांना रक्त मिळणार नाही, आणि हृदय व फुप्फुसांवरचा ताणही मोठा असेल. मात्र एकदा नीट शिवलेली नळी वर्षानुवर्षे टिकते आणि पुढे तिच्याकडे फारसे पाहावे लागत नाही.

आतून बसवायच्या ग्राफ्टची वाट १९८७ साली खार्किवमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी छातीतील महाधमनीसाठी आणि १९९० साली ब्यूनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोटातील फुग्यासाठी खुली केली. खिडक्या असलेला ग्राफ्ट ही त्या वाटेवरची पुढची पायरी. रुग्णाच्या सीटीवरून प्रत्येक शाखा किती उंचीवर आणि घड्याळाच्या कोणत्या काट्यावर फुटते याचे मिलिमीटरमध्ये माप घेतात आणि त्या मापाने पॉलिएस्टरच्या नळीला खिडक्या ठेवतात. खिडकीभोवती धातूची बारीक कडी शिवलेली असते आणि कडेला सोन्याचे ठिपके असतात, जेणेकरून एक्स-रेच्या पडद्यावर खिडकी कोठे आहे हे सर्जनला दिसावे. घडी घातलेला ग्राफ्ट पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीतून जांघेतील धमनीवाटे वर नेतात. तो एकदम पूर्ण उघडत नाही, कारण मागच्या बाजूने दोऱ्यांनी आवळलेला असतो, आणि त्या आवळलेल्या अवस्थेत सर्जन त्याला थोडा फिरवून, थोडा वर-खाली करून खिडकी शाखेच्या तोंडासमोर आणतात. मग खिडकीतून एक तार किडनीच्या शाखेत जाते, आणि हे प्रत्येक शाखेसाठी पुन्हा करायचे. सर्व शाखांत तारा पोहोचल्यावरच मागच्या दोऱ्या सोडून ग्राफ्ट पूर्ण उघडायचा, आणि मग प्रत्येक तारेवरून कापडी आवरणाचा छोटा स्टेंट सरकवतात, त्याचे एक टोक शाखेत राहते आणि महाधमनीच्या बाजूचे टोक टोकाशी फुगणाऱ्या नळीने (बलून कॅथेटरने) रुंदावून खिडकीच्या कडीवर दाबून बसवतात. जांघेत दिसणारी खूण बोटभरही नसते, परंतु आत तासन्‌तास चाललेले हे काम अतिशय नाजूक असते, आणि एखादी शाखा हाती लागली नाही तर ती किडनी गमवावी लागू शकते.

साध्या फुग्यांविषयी ब्रिटनमध्ये झालेल्या 'ईव्हीएआर-१' या मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण आतून केलेल्या दुरुस्तीत १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते. मात्र १५ वर्षांच्या पाठपुराव्यात हा फायदा उरला नाही, आणि आठ वर्षांनंतर फुग्याशी संबंधित मृत्यू आतून दुरुस्ती केलेल्या गटातच अधिक दिसले. हे आकडे वडिलांच्या फुग्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण तो गुंतागुंतीचा आहे, पण दिशा त्यांतून कळते : सुरुवातीचा धोका कमी, नंतरची जबाबदारी जास्त.

माझे मत असे आहे की वडिलांचे हृदय, फुप्फुसे आणि किडन्या चांगल्या स्थितीत असतील आणि पुढची अनेक वर्षे त्यांच्यासमोर असतील, तर उघड्या शस्त्रक्रियेचा विचार आदराने व्हावा. तंबाखूच्या धुळीत आणि विडीच्या धुरात काढलेल्या आयुष्यानंतर फुप्फुसे कमकुवत असतील, किंवा हृदयाची पंपिंग कमी असेल, तर खिडक्यांचा ग्राफ्ट हा त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित मार्ग ठरेल. म्हणून निर्णयाआधी हृदयाची इकोकार्डिओग्राफी, श्वासाची पीएफटी चाचणी आणि किडनीसाठीची क्रिएटिनिन ही रक्तचाचणी हे तीन रिपोर्ट हातात हवेत. सर्जनना आदराने पण स्पष्टपणे विचारा की अशा खिडक्यांच्या शस्त्रक्रिया ते स्वतः किती करतात, अडचण आल्यास त्याच ठिकाणी पोट उघडण्याची सोय आणि डायलिसिस आहे का, आणि नंतरच्या तपासण्या कोण करणार. वडील विडी ओढत असतील तर ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे, आजपासून बंद व्हायला हवी. निपाणीच्या घरांत तंबाखूवरच चूल पेटली आहे हे मला ठाऊक आहे आणि त्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण या फुग्याचे सर्वांत ठळक कारण धूम्रपान हेच आहे.

प्रश्न : माझ्या आईला (वय ७१) छातीपासून पोटापर्यंत पसरलेला फुगा आहे. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करू, ग्राफ्ट तयार होऊन यायला दोन-तीन महिने लागतील आणि पाय लुळे पडण्याची शक्यता आहे असे सांगितले. फुगा पोटात आणि पाय लुळे कसे पडतील? आणि इतके दिवस थांबायचे तरी कसे? (खानापूर तालुका)

उत्तर : डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली याचा अर्थ ते प्रामाणिकपणे काम करत आहेत. महाधमनीच्या मागच्या बाजूने अनेक बारीक शाखा निघून कण्यातील मज्जारज्जूला रक्त देतात. छातीपासून पोटापर्यंत लांब ग्राफ्ट घातला की यांतल्या बऱ्याच शाखांची तोंडे एकदम झाकली जातात आणि मज्जारज्जूला रक्त अपुरे पडले तर पायांतील शक्ती जाते. सर्वांनाच असे होत नाही, पण ग्राफ्ट जितका लांब तितका धोका अधिक.

दोन टप्प्यांचे कारण हेच आहे. पहिल्या टप्प्यात छातीतला भाग झाकतात, मग काही आठवडे थांबतात, आणि त्या अवधीत शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावून मज्जारज्जूला दुसऱ्या वाटेने रक्त पुरवू लागतात. काही रुग्णांना कमरेतून एक बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी थोडे थोडे काढतात, म्हणजे तेथील दाब कमी होऊन रक्त आत पोहोचायला वाव मिळतो. याच कारणासाठी शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब मुद्दाम थोडा वरच ठेवतात. घरच्यांनी हे नीट लक्षात ठेवावे, कारण आईच्या बीपीच्या जुन्या गोळ्या आयसीयूतून बाहेर आल्याबरोबर आपल्या मनाने सुरू केल्या तर दाब एकाएकी उतरतो, आणि पायांतील शक्ती शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनीही जाऊ शकते. कोणती गोळी कधी सुरू करायची हे सर्जननाच विचारा. पायांना मुंग्या आल्या, पाय जड वाटला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच कळवा, कारण पहिल्या तासांत दाब वाढवून आणि पाणी काढून पाय वाचवता येतात.

ग्राफ्टला वेळ लागतो तो मापाने बनवायचा असल्यामुळे. चार फांद्या असलेले, म्हणजे खिडक्यांऐवजी चार शाखांसाठी छोट्या नळ्या जोडलेले, तयार ग्राफ्टही मिळतात, आणि फुगा फार मोठा असेल किंवा दुखू लागला असेल तर सर्जन ते वापरतात, मात्र ते प्रत्येकाच्या शरीररचनेला बसत नाहीत. आईच्या बाबतीत तयार ग्राफ्ट बसेल का, हे एकदा विचारून घ्या.

थांबण्याच्या काळात बीपीची गोळी एकही दिवस चुकू देऊ नये आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सीटीच्या रंगद्रव्याच्या वेळी ती थांबवायची का, हे आधी विचारावे. आणखी एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी असा माझा आग्रह आहे. छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी तीव्र कळ आली, घाम फुटला, भोवळ आली तर कोणत्या दवाखान्यात न्यायचे, तेथे रात्री महाधमनीची शस्त्रक्रिया होते का, आणि गाडी कोणाची? खानापूर तालुक्यातील पश्चिमेच्या गावांतून पावसाळ्यात रात्री निघायचे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. सीटीची सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा, म्हणजे नव्या डॉक्टरांचा तपासणीतला वेळ वाचेल.

प्रश्न : मला ४.३ सेंटिमीटरचा फुगा आहे. डॉक्टर म्हणतात काही करायचे नाही, फक्त लक्ष ठेवायचे. मला हे पटत नाही. उसाचे काम करू की नको? (चिकोडी तालुका)

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर आहे. ब्रिटनमधील लहान फुग्यांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९८ साली आले, ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुग्यांवर लवकर शस्त्रक्रिया केल्याने रुग्ण अधिक जगतात असे दिसले नाही. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात ३ ते ४.४ सेंटिमीटरसाठी वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ सेंटिमीटरसाठी दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात. आपल्या डॉक्टरांनी जो कालावधी दिला असेल तो पाळा आणि शक्यतो एकाच केंद्रात मोजून घ्या, कारण दोन ठिकाणच्या मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि उगाच घाबरायला होते. फुगा वर्षात १ सेंटिमीटरपेक्षा अधिक वाढला तर मात्र ५.५ची वाट पाहत नाहीत.

मळ्यातले नेहमीचे काम करा, चाला. श्वास कोंडून मोळ्या उचलणे टाळा.

एक सूचना फार थोड्यांना दिली जाते म्हणून येथे देतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातील अँटिबायोटिक्समुळे महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे, आणि एन्युरिझम असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत असे म्हटले आहे. आपल्याकडे जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी ही औषधे दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जातात. आपण तसे कधीही करू नये, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्याला फुगा आहे हे आधी सांगावे.

प्रश्न : माझ्या पतींना दोन वर्षांपूर्वी फांद्या असलेला स्टेंट ग्राफ्ट बसवला. आता ते ठणठणीत आहेत. दरवर्षी सीटी करायला सांगतात, त्याचा खर्च झेपत नाही. ती टाळली तर चालेल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : टाळू नका. उघड्या शस्त्रक्रियेत फुगा कापून नळी शिवलेली असते, पण आपल्या पतींच्या शरीरात फुगा अजून तसाच आहे, फक्त रक्ताला आतून वेगळी वाट करून दिली आहे. त्या वाटेतून रक्त पुन्हा फुग्यात झिरपू लागले तर त्याला 'एंडोलीक' म्हणतात. ग्राफ्टच्या वरच्या किंवा खालच्या कडेने, अथवा दोन तुकड्यांच्या सांध्यातून झालेली गळती धोक्याची असते आणि ती लवकर दुरुस्त करावी लागते. मागच्या बारीक शाखांतून उलटे येणारे रक्त बहुधा नुसते पाहिले जाते, फुगा वाढत असेल तरच हात घालतात. फांद्यांच्या ग्राफ्टमध्ये सांधे अधिक असतात आणि किडनीकडे जाणारा छोटा स्टेंट अरुंद होऊ शकतो, म्हणून साध्या ग्राफ्टपेक्षा याच्याकडे अधिक काटेकोर लक्ष लागते. यांपैकी बहुतेक बिघाड माणसाला जाणवत नाहीत, आणि सापडले तर अनेकदा पुन्हा जांघेतूनच दुरुस्त होतात.

खर्चाची अडचण खरी आहे आणि ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. आधीच्या सीटींमध्ये गळती नसेल आणि फुगा आकसत असेल, तर काही वर्षी सीटीऐवजी डॉप्लर सोनोग्राफी, साधा एक्स-रे आणि क्रिएटिनिन यांवर भागवता येते, मात्र हा निर्णय त्यांनी घ्यायचा आहे. ग्राफ्टसोबत मिळालेले कार्ड, ज्यावर ग्राफ्टचे नाव, मापे आणि लॉट क्रमांक असतो, ते जपून ठेवा. ताप आठवडाभर उतरला नाही किंवा शौचातून रक्त गेले तर अंगात ग्राफ्ट आहे हे पहिल्याच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : अशा शस्त्रक्रियेला सरकारी योजनेतून मदत मिळते का? आणि वडिलांना फुगा होता म्हणून आम्हा भावांनी तपासणी करावी का? (बेळगाव तालुका)

उत्तर : कर्नाटकात 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' योजना आहे, आणि सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे जाहीर केले आहे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही योजनांत कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या दवाखान्यात आणि किती रकमेपर्यंत बसते यावर सारे अवलंबून असते. खिडक्या किंवा फांद्यांचा ग्राफ्ट अनेक लाखांचा असतो आणि योजनेची रक्कम त्याला पुरेलच असे गृहीत धरून जमीन गहाण टाकण्यापर्यंत जाऊ नये. दाखल होण्याआधी दवाखान्यातील योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे, ग्राफ्टची किंमत आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगवेगळा लेखी मागावा, आणि उघड्या शस्त्रक्रियेचा अंदाजही त्याच वेळी मागावा.

तपासणी जरूर करा. वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कोणाला फुगा असेल तर धोका वाढतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या भावांनी, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. बहिणींनाही यातून वगळू नये. सोनोग्राफी उपाशीपोटी केली तर महाधमनी नीट दिसते, काही मिनिटांत होते आणि तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. मात्र नेहमीच्या पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनीचे माप लिहिले जातेच असे नाही, म्हणून चिठ्ठीवर 'अ‍ॅबडॉमिनल एओर्टाचा व्यास' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि रिपोर्ट हातात आल्यावर तो आकडा त्यात आहे का ते पाहून मगच केंद्रातून निघा.